एकशे वीस पट्ट्या

लक्ष्मीपुरीत हकीमुद्दीनशेठकडून
पन्नास बाय सहाची पट्टी आणली, दोन फूट.
"गेटला का?" त्यांनी कापता कापता विचारलं.
म्हटलं, "नाही, जिगला."
ते थांबले. पट्टी काट्यावर उलटी केली,
चांगली बाजू वर ठेवली,
जणू चांगली बाजू असतेच तिला.

नसते.
सहाची म्हणतात, व्हर्नियरला पाच-ऐंशी भरते.
मधे किंचित पोट, एका टोकाला पीळ.
शेठचा दोष नाही,
कुंपणाला, पत्र्याखालच्या टेकूला एवढं चालतं.
मला नाही चालत.

दसऱ्यानंतर वडणग्याची, केर्ल्याची गुऱ्हाळं पेटतील.
काहिलीला चार कड्या, कडीमागे एक पट्टी,
पट्टीला चार भोकं. तीस काहिली.
हिशेब तुम्हीच करा,
मला भोकांचा विचार केला की झोप येत नाही.

म्हणून रात्री पट्टी चिंचेच्या पाण्यात बुडवली.
शेजारच्या मालूताईनं घमेल्यात डोकावून विचारलं,
"कसली गं आमटी?"
सकाळी काळी साल सुटली होती,
खालून राखाडी लोखंड निघालं,
पहिल्यांदा केस कापलेल्या पोरासारखं, ओशाळलेलं.
जस्ताचे बोल्टसुद्धा त्याच पाण्यात, बाहेर, उघड्यावर.
जस्तासकट वेल्डिंग केलं की धूर छातीत बसतो.
चौगुले मिस्त्री एकदा तीन दिवस
तापानं फणफणले होते, नुसतं दूध पीत,
आणि तिसऱ्या दिवशी पहिला शब्द बोलले तो "जस्त".

मग आरशाची जाड काच,
तिच्यावर तेलात कालवलेला शेंदूर,
त्यावर पट्टी हलकेच फिरवायची.
जिथं शेंदूर लागला
तो देव नव्हे, तो उंचवटा.
कानस फक्त तिथंच.
पुन्हा काच, पुन्हा शेंदूर, पुन्हा कानस,
दुपारपर्यंत हेच.
इर्शाद दारातून म्हणाला,
"काकी, पूजा आवरली की सांगा, ड्रिल मोकळं करतो."

मोरचुदाचं पाणी ओढलं, पट्टी तांबूस झाली.
त्या तांब्यावर सुईची रेघ अशी उमटते
की पुसायची म्हटली तर जीव होत नाही.
भंगारातली बासष्टशे नंबरची चार बेअरिंगं
फडक्यात गुंडाळून फोडली.
आतली रिंग बरोबर दहाची, टणक,
ड्रिल तिच्यातून जातं नि तिला ओरखडाही नाही.
चार रिंगा, चार घरं, हलक्या हातोडीनं आत.

तीन पट्ट्या पाडल्या.
एकीवर एक ठेवून उजेडात धरल्या,
चारी भोकांतून आभाळ दिसलं, आरपार.
मी एकटीच हसले, शेडमध्ये, कोणी नव्हतं.

मग पट्टी काहिलीच्या कडीवर धरली.
चौथा बोल्ट गेला नाही.

अर्धा मिलीमीटर.
सुई कुठं सरकली, की पंच, की माझा चष्मा,
आता कळायचं नाही.
हातानं पाडली असती
तर एखादी पट्टी चुकली असती, एखादी सावरली असती.
इथं तिघी एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या
आणि तिघी चुकीच्या.
एकशे सतरा अजून यायच्या होत्या.

चौगुले मिस्त्रींनी जिग हातात घेतली,
रिंगेत करंगळी घालून फिरवली,
"काम लई झ्याक केलंयस," म्हणाले,
आणि परत माझ्याकडे दिली.

संध्याकाळी पुन्हा लक्ष्मीपुरी. दोन फूट.
या वेळी शेठनी काही विचारलं नाही,
दोन बोटं जास्त धरून कापली
आणि पैसे दोन फुटांचेच घेतले.

जुनी जिग फेकली नाही.
तिच्यावर चहाचं पातेलं ठेवते,
टेबलावर तिचा गंजाचा ठसा पडलाय, चार भोकं,
तीन जागच्या जागी,
चौथं जरासं डावीकडे.
इर्शादला दिसत नाही.
मला लांबूनही दिसतं.